दाजींचे दोन राखणदार

पहिल्या भेटीत कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस पाहायचा असेल, तर पुणतांब्याला आमच्या थोरल्या साडूंच्या पेरूच्या बागेत जावे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजी हवामानखात्यावर विश्वास ठेवत नाहीत आणि ढगांवरही ठेवत नाहीत. मोटार सुरू झाल्याचा आवाज कानांनी ऐकला, तरी पाणी पडते आहे का हे बघायला बांधापर्यंत चालत जातात. फुकट मिळालेल्या वस्तूचा त्यांना संशय येतो आणि विकत घेतलेल्या वस्तूचा राग. शिर्डीत एकदा एका दुकानदाराने चव बघा म्हणून पेढा पुढे केला, तर दाजींनी त्यातला अर्धा आधी त्यालाच खायला लावला. त्याने बिचाऱ्याने खाल्ला. दाजी म्हणाले, "आता ह्यो उष्टा झाला," आणि पुढे निघाले.

अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर आला तो एका मोठ्या कामासाठी. गावातून लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकींची यादी करायचे त्यांच्या मनाने घेतले होते. कोणाची लेक, कुठे दिली, फोन कोणता. "आईबाप हायेत तवर ठीक. ते गेल्यावर जत्रेला लेकीला कोन बोलावतं?" हा त्यांचा सवाल. घरोघर चहा पिऊन त्यांनी माहिती गोळा केली आणि उजव्या हाताच्या एका बोटाने तीन वर्षे टाइप केली.

कॉम्प्युटरबरोबर एक फुकटचे अँटिव्हायरस आले होते. ते थोड्या थोड्या वेळाने कोपऱ्यातून डोके वर काढी आणि तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, आमचे मोठे सॉफ्टवेअर विकत घ्या, असे बजावी. दाजींनी मला नगरला फोन लावला.

"पाव्हणं, ह्यो राखनदार सारखा सांगतो, घरात चोर हाय. कुठं हाय म्हनलं तर सांगत न्हाई. ह्योच सामील असंल तर?"

"फुकटचं चालतं हो दाजी. फक्त अनोळखी काही उघडू नका."

"पर फुकट राबतो, तर मग खातो काय?"

मी त्यांना श्रीरामपूरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात विचारायला सांगितले.

शेवटी दाजी श्रीरामपूरला गेले. दुकानदाराची तासभर उलटतपासणी घेऊन त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला, "तुमच्या सोताच्या घरी कंचं हाय?" तो गडबडला आणि म्हणाला, "खरं सांगू का काका, माझ्या घरी फुकटचंच आहे." या खरेपणावर दाजी इतके खूश झाले, की त्यांनी तिथल्या तिथे विकतचे घेऊन टाकले.

घरी येऊन फुकटचे मात्र काढले नाही. "नव्या गड्याच्या हातात लगेच किल्ल्या देत न्हाईत. दोघं एकमेकावर नजर ठिवतील," असा त्यांचा हिशेब. त्या दोघांनी खरोखरच दुसरे काही केले नाही. कॉम्प्युटर इतका मंदावला, की दाजी बटण दाबून म्हशीची धार काढायला जात आणि परत येईपर्यंत पडदा काळाच असे. माझी मेव्हणी, म्हणजे आक्का, म्हणाली, "दोन जावांवानी चाललंय त्यांचं. सैपाक कुनीच करीना."

मग एके सकाळी आक्काचा फोन आला. दाजी यादी कॉम्प्युटरमधून काढून पेनड्राइव्हवर घालून छापायच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने पाने मोजून सांगितलेला दर पटला नाही, म्हणून न छापताच परत आले. पेनड्राइव्ह लावून यादी उघडायला गेले, तर यादीच गायब. "दोन दिस झालं, जेवलं न्हाईत. कुनाशी बोलत न्हाईत." मी मिळेल त्या गाडीने पुणतांब्याला गेलो.

दाजी बाजेवर बसून होते. "नऊशे लेकी हुत्या, पाव्हणं," एवढेच म्हणाले.

मला यातले ज्ञान बेताचेच. पण संशयितांना डांबून ठेवायची एक कोठडी अँटिव्हायरसमध्ये असते, हे ठाऊक होते. विकतच्याच्या कोठडीत यादी सापडली. दुकानातल्या कॉम्प्युटरचा रोग घेऊन ती आली होती, म्हणून राखणदाराने तिलाच आत टाकले होते. मी तिला साफ करून बाहेर काढले.

"म्हंजे पैसे घिऊन यानं घरच्याच मानसाला डांबलं?"

"डांबलं, पण फेकून तर नाही दिलं," मी म्हणालो.

दाजींनी मला बाजूला सरकवले आणि यादी वर वर नेत पहिल्या ओळीवर आणून थांबवली. तिथे त्यांच्या थोरल्या बहिणीचे नाव होते. पुढचे रकाने रिकामे. तिने आपल्या मनाने लग्न केले, तेव्हा वडिलांनी घरात सांगितले होते की ती मेली समजा. दाजी त्या वेळी शाळेत होते. ती नाशिकला असते असे कोणी म्हणे, कोणी सुरतेला. आक्काने हे मला चहा देताना हळू आवाजात सांगितले.

मी निघालो तेव्हा दाजी म्हणाले, "हिची एक नक्कल तुमच्या मोबाईलात घाला. नगरात तुमाला लई गावची मानसं भेटत्यात. पत्ता घावला तर माझी वाट बघू नका, तुमीच भरा."

ती यादी मोबाईलवरून आता माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आली आहे. तिथे फुकटचेच अँटिव्हायरस आहे आणि दाजींना ते माहीत आहे, पण त्यावरून त्यांनी मला एकदाही छेडलेले नाही. दर रविवारी फोन येतो. पेरूचे, पाण्याचे बोलणे होते आणि फोन ठेवता ठेवता ते सहज आठवल्यासारखे विचारतात, "पयली वळ भरली का वो?"