होडीच्या गाण्यानंतर

जुन्या गाण्यांच्या फोनवरच्या ग्रुपात तिला सगळे ‘बी-साइड’ म्हणायचे. कुणी एखाद्या जुन्या अल्बमचं कौतुक सुरू केलं की हिने मध्ये तोंड घातलंच म्हणून समजा. “पहिली बाजू दुकानात वाजवायला असते हो. गाणाऱ्याचा जीव कुठे अडकलाय ते बघायचं तर कॅसेट उलटी करा.” त्यावर दिवसभर खडाजंगी चालायची. कुणी म्हणायचं नंतरच्या सीडीने सगळा आवाज गुळगुळीत करून टाकला, कुणी म्हणायचं कॅसेटची खरखर म्हणजे काय संगीत आहे का? माणसं एकमेकांनी कधी न पाहिलेली, पण भांडण सख्ख्या जावांसारखं.

या लोकांचा एक खेळ होता, ‘न बघता’. एकाने एखाद्या अल्बममधलं गाणं सांगायचं, बाकीच्यांनी त्याच्या पुढचं कुठलं ते लिहायचं. शोधायचं नाही, फक्त आठवायचं. ज्यांनी कॅसेटी झिजेपर्यंत ऐकल्यात त्यांना आठवावंही लागत नाही. एक गाणं संपतं आणि पुढचं डोक्यात आपसूक सुरू होतं. या खेळात बी-साइडचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ‘मास्तरां’नी विचारलं, “निळ्या कव्हरचा अल्बम. दुसरी बाजू. होडीच्या गाण्यानंतर?”

या अल्बमवर आजवर कधी खेळ झाला नव्हता. तिने डबा बाजूला सारून लगेच लिहिलं, “टेलिफोनचं गाणं. आधी घंटी वाजते, मग ती पोरगी हसते. सोपं विचारलंत, मास्तर!”

“बी-साइड, जेवणात काय होतं आज?” मास्तर. “टेलिफोन पहिल्या बाजूला आहे. होडीनंतर आरशाचं गाणं.”

“आरसाच!” दुसऱ्याने लिहिलं. तिसऱ्याने तर कॅसेटच्या कागदाचा फोटोच टाकला. “राणीचं राज्य गेलं!” “वय झालं आमच्या बी-साइडचं!” हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तिनेही एक हसरा चेहरा टाकला. पण डबा झाकून ठेवला.

चूक झाली याचं तिला काही नव्हतं. आरशाचं म्हणून एखादं गाणं त्या कॅसेटमध्ये आहे, हेच तिला माहीत नव्हतं. दवाखान्यातल्या कपडे बदलायच्या खोलीत जाऊन तिने ते फोनवर लावलं. एक बाई संथ आवाजात गात होती. ओळखीचा एक सूर नाही. सगळ्या ग्रुपला तोंडपाठ, आणि हिची पाटी कोरी.

तिला आई आठवली. आई शिवणकाम करायची. डोळे मिटून बाही लावणारी बाई. साठीही गाठली नव्हती तेव्हा एका ब्लाउजचं अस्तर तिने बाहेरून लावलं. मग एकदा काजं करून झाल्यावर कापड कापायला घेतलं. आधीचं नंतर, नंतरचं आधी, असं करत करत शेवटी स्वतःच्या मुलीला म्हणाली, “बाई, तुमचं माप घेतलंय का मी?” आणि प्रत्येक वेळी आईची खात्री असायची. चुकतोय ते आपणच, असं समोरच्याला वाटावं इतकी खात्री. आईच्या त्या वयाला ही आता टेकली होती.

हिचं काम डायलिसिसच्या खोलीत. मूत्रपिंडं थकलेल्या माणसाचं रक्त मशीनमधून धुऊन परत त्याच्या अंगात सोडायचं. ज्याचा त्याचा फिल्टर पुन्हा वापरायचा म्हणून जंतू मारणाऱ्या औषधात ठेवलेला असतो. तो आधी पाण्याने धुवायचा, मग औषधाचा अंश राहिला नाही ना ते कागदी पट्टीने तपासायचं, मग नळ्यांतली हवा काढायची, आणि मगच माणूस जोडायचा. सगळा क्रमाचा मामला. यातली एक पायरी गळाली तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो.

सुट्टी संपली. खिडकीजवळच्या खुर्चीत बसचे निवृत्त कंडक्टर येऊन टेकले होते. तिने त्यांचा फिल्टर धुतला, पट्टी लावली. स्वच्छ. पुन्हा एक पट्टी लावली. मग आणखी एक.

“सिस्टर, सोनं पारखताय की मला?” कंडक्टर म्हणाले. “आम्ही एवढा वेळ लावला असता तर बस अजून पहिल्या स्टॉपवर असती.”

“बसा हो काका, कुठे जायचंय तुम्हाला?” असं म्हणत तिने त्यांना मशीनला जोडलं आणि मागच्या खुर्चीतल्या आजींचा फिल्टर धुतला.

“मला नाही, पण ह्या मागच्या आजींना वरचं बोलावणं आलं तर तुमच्यामुळे चुकायचं!”

मागच्या आजी खुदकन हसल्या. हीही हसली, आणि त्या हसण्यात धागा तुटला. आजींचा फिल्टर हातात होता, धुतलेला, ओला. याला पट्टी लावली का? टोपलीत वापरलेल्या पट्ट्या पडल्या होत्या, पण त्यातली कुठली कुणाची? तिला हात दिसत होता, पट्टी दिसत होती, पट्टीचा रंग न बदललेला दिसत होता. अगदी लख्ख. टेलिफोनची घंटीही अशीच लख्ख ऐकू आली होती. तिने तो फिल्टर सरळ टाकून दिला आणि नवा फोडला.

इनचार्ज वयाने लहान, पण नजर घारीची. “बाई, चांगला फिल्टर का टाकलात? पट्टी लावून बघायची ना पुन्हा.”

खरंच की. पुन्हा लावली असती तर झालं असतं. एवढी साधी गोष्ट सुचली नाही, याचीच तिला जास्त धडकी भरली.

संध्याकाळी घरी पोचल्यावर तिने भावाला फोन लावला. धाकटा, दुसऱ्या शहरात रंगकाम करणारा. त्याच्या मागे कुणीतरी शिडी सरकवत होतं.

“बाळ्या, काही विचारू नकोस, पटकन सांग. निळी कॅसेट, होडीच्या गाण्यानंतर काय?”

“टेलिफोन. ट्रिंग ट्रिंग, आणि मग ती भवानी हसते. का गं?”

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. “मग लोक आरसा का म्हणतात?”

“अगं, आपली कॉपी होती! शेजारच्या काकांच्या टेपवर तूच केलेली. आरशाचं गाणं रडकं आहे म्हणून गाळलंस आणि त्या जागी टेलिफोन परत भरलास. मी ‘आरसा पाहिजे’ म्हणून भोकाड पसरलं, तर पाठीत धपाटा घातलास. विसरलीस?”

कुठले शेजारचे काका? कसला टेप? तिने डोकं खणून काढलं. काहीच लागलं नाही हाताला.

“ताई? अगं, इतकं जुनं कुणाच्या लक्षात राहतं?”

“तुझ्या राहिलं.”

“धपाटा खाल्लेल्याच्या राहतं. घालणाऱ्याच्या कशाला राहील?” तो हसला, मग हसू विरलं. “तू आईमुळे विचारतेयस ना?”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी रोज दाढी करताना आपल्या जुन्या गल्लीतली घरं उलट्या क्रमाने म्हणतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “बायकोला वाटतं मी जप करतो. परवा एक घर गाळलं. दिवसभर शिडीवर चढलो नाही.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू कुठे सांगितलंस?”

त्याच्या मागे शिडी पुन्हा सरकली. “शनिवारी येतो,” तो म्हणाला. “दोघंही डॉक्टरकडे जाऊ. आधी तू आत जा, तू मोठी.”

“मेल्या, धपाटा खायला पुढे होतास, आता पण हो पुढे.”

फोन ठेवला तरी भीती काही उठून गेली नाही. एक मात्र कळलं. तिला कॅसेट बरोबर आठवत होती, पण आपण ती केल्याचं आठवत नव्हतं. आणि हातातल्या फिल्टरचं कुणालाच फोन करून विचारता येणार नव्हतं. शनिवारच्या आधी कामाचे दिवस होते.

सकाळी पहिला पेशंट यायच्या आत ती इनचार्जच्या टेबलापुढे उभी राहिली. रात्रभर घोकलेली वाक्यं ऐनवेळी पळाली.

“मॅडम, आजपासून माझ्या प्रत्येक पट्टीवर आणखी कुणाची तरी नजर पाहिजे.”

“का? कालच्या फिल्टरचं मनाला लावून घेतलंत?”

“नाही. माझ्या आईला विसरण्याचा आजार होता. मला वाटतंय...” पुढचं तोंडातून निघेना. “शनिवारी तपासून घेणार आहे. तोवर माझ्यावर सोडू नका.”

इनचार्ज खुर्ची मागे सारून उठली, हातमोजे चढवले आणि तिच्याबरोबर मशीनपाशी आली. हिने फिल्टर धुतला, पट्टी लावली, उजेडात धरली.

“स्वच्छ आहे ना, मॅडम?”

असं विचारत हिने मान वळवली. इनचार्ज पट्टीकडे बघतच नव्हती. ती हिच्या हातांकडे बघत होती, पायरी चुकते का ते.