तिसऱ्या कडव्यातला भोंगा

कॅसेट प्लेअरने टेप गिळली की आपण एक टोक धरून ओढायचो आणि बघता बघता मांडीवर तपकिरी ढीग व्हायचा. बापूंच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक ओढायला जावं, तर बाकीचे आपणहून बाहेर येतात. काही ठिकाणी टेप माझ्या हातून थोडी ताणली गेली असेल. पण भोंगा खरा आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

*

बापू म्हणजे डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला असलेल्या आमच्या कॅसेट कंपनीचे मालक, रेकॉर्डिस्ट आणि झाडूवाले. मी प्रमोशन मॅनेजर. बापूंनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "अरे प्रमोशन, चहा सांग," असं सगळं. स्टुडिओ म्हणजे एक गाळा आणि आवाज अडवायला भिंतींना ठोकलेल्या गोधड्या.

तिथे ठाण्याच्या खाडीकाठची हिराबाई हळदीचं गाणं गायला आली. मासळीची टोपली दाराबाहेर ठेवून माइकसमोर उभी राहिली. दोन कडवी झकास झाली. तिसरं संपता संपता शेजारच्या कारखान्याचा साडेतीनचा भोंगा वाजला. गोधड्या बिचाऱ्या काय करणार? पण बाई थांबली नाही. तिने भोंग्याच्या सुरात सूर लावला आणि भोंग्याचा दम संपेपर्यंत सोडला नाही.

बापू हात जोडून म्हणाले, "हिराबाई, परत एकदा घेऊ."

"आता परत नाय. मना बाजारान जावाचा हाय," ती टोपली उचलत म्हणाली. "आनि तो काय वाईट नाय गायला."

कॅसेट निघाली ती भोंग्यासकट.

*

मोठ्या कंपन्यांची तऱ्हा वेगळी. त्यांची टीव्हीवर जाहिरात, रेडिओवर प्रायोजित कार्यक्रम, दुकानाच्या काचेवर पुरुषभर उंचीचं पोस्टर. बापू म्हणायचे, "ते आधी सांगतात गाणं गाजलंय, मग गाणं बाजारात आणतात."

आमचं प्रमोशन म्हणजे मी आणि माझी खांद्यावरची पिशवी. सलून, रसवंती, बँडवाले, रिक्षावाले, सगळ्यांना एकेक कॅसेट. संध्याकाळी मी यादी वाचून दाखवायचो, कुठे कुठे गाणं वाजलं ती. बापू ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तिथे तू दिलीस म्हणून वाजलं रे. आपण न दिलेल्या ठिकाणी आपलं गाणं वाजताना ऐकायचंय मला. एकदाच."

*

एकदा ते जवळजवळ जमलेलं. बापू रिक्षात बसले आणि पुढे टेपवर हिराबाई गात होती. बापूंचा ऊर भरून आला. भोंगा येईपर्यंत थांबले, मग अगदी सहज विचारलं, "छान आहे हो. कुठे मिळाली कॅसेट?"

"विकत कोण घेतंय काका?" रिक्षावाला म्हणाला. "स्टेशनबाहेर एक येडा पिशवी घेऊन उभा असतो. नको म्हटलं तरी देतो."

बापूंनी हे मला दोन दिवस सांगितलं नाही. फक्त चहा सांगताना "अरे येडा" अशी हाक मारली.

*

मग ठाण्याच्या टेंभी नाक्याची नवरात्र. तिथल्या लाउडस्पीकरवाल्याला मोठ्या कंपनीने टोपी, बनियन आणि कॅसेटचा अख्खा खोका दिलेला. मी त्याला चार दिवस नुसते बटाटेवडे खिलवले. पाचव्या संध्याकाळी तो विरघळला.

गाणं सुरू झालं. माणसं मान डोलवायला लागली. तिसरं कडवं आलं, भोंगा वाजला आणि स्वयंसेवकांना वाटलं, बंबाची गाडी आली! शिट्ट्या फुंकून त्यांनी गर्दी दोन्ही बाजूंना सारली. भर नाक्यात सरळ, मोकळा रस्ता. सगळं ठाणं माना वळवून गाडीची वाट बघतंय. गाडी कुठली यायला? गाणं संपलं.

बापू माझ्या कानाशी म्हणाले, "बघ. मोठ्या कंपनीच्या गाण्यावर लोक नुसते नाचतात."

*

मोठ्या कंपनीने हिराबाईला बोलावलं ते यानंतरच. ती बापूंना विचारायला आली. "जाऊ का?"

"जा. तिथे भोंगा नाही," बापू म्हणाले. नंतर तासभर एका गोधडीचा खिळा ठोकत बसले. तो पहिल्यापासून घट्टच होता.

गाणं तेच, पण आता मागे व्हायोलिनं. पोस्टरवर हिराबाईचं नाव आणि फोटो कुठल्या तरी गोऱ्यापान मॉडेलचा. ठाण्यात पोस्टरसमोर उभी राहून हिराबाईने मला विचारलं, "ही कोन बाय रे? मासली साफ करता येते हिला?"

कल्याणच्या दुकानात तर एका बाईंनी ती कॅसेट परत आणून आपटली. "डुप्लिकेट माल विकता? भोंगा कुठे आहे यात?" मी तिथेच होतो. मी धावत येऊन बापूंना सांगितलं.

"तू ऐकलंस. मी नाही," बापू म्हणाले.

*

पुढे कॅसेटच गेली. गाळा गेला, गोधड्या बापूंच्या माळ्यावर गेल्या. हिराबाई गेली, ते आम्हाला पंधरा दिवसांनी कळलं. कारखान्यालाही टाळं लागलं आणि साडेतीनला मानपाड्यात काही वाजेनासं झालं. तरी त्या सुमाराला बापू कुठेही असोत, बोलता बोलता थांबायचे आणि मान जरा वर करायचे.

*

आणि हा शेवटचा. बापूंचा एक मित्र खडवलीला राहायला गेलेला, त्याला भेटायला आम्ही निघालो. स्टेशनवरून चालत जाताना एका अंगणात मांडव दिसला. हळद होती. स्पीकर नाही, टेप नाही. आठ-दहा बाया नवरीला हळद लावत गात होत्या.

बापू रस्त्यातच उभे राहिले. हिराबाईचं गाणं.

"इथे कधी दिलेलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो बापू. खडवलीला मी आज पहिल्यांदा येतोय."

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. बापूंनी माझं मनगट धरलेलं. तिसरं कडवं संपलं आणि त्या सगळ्या बायांनी, नवरीनेसुद्धा, हनुवट्या वर केल्या, डोळे मिटले आणि एका दमात, छाती रिकामी होईपर्यंत, भोंगा वाजवला.

बापूंनी मान वर केली.

"किती वाजले, प्रमोशन?"

"सव्वाअकरा."

"साडेतीन," बापू म्हणाले आणि चपला काढून मांडवात शिरले.