निलगिरीचं टोक

प्रयोगशाळेत तिला सगळे 'चोखबाई' म्हणत. एकोणीस वर्षांत तिच्या अहवालावर कुणी बोट ठेवलं नव्हतं आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता. पाला भांड्यात भरून वाफ सोडायची, गार नळीतून उतरलेलं तेल पाण्यावरून अलगद काढायचं आणि त्याचा कणभर अंश सुईने यंत्रात टोचायचा. यंत्र आलेख काढी, दर घटकाचं एक टोक.

तिचे काका निवृत्तीनंतर परसात भट्टी लावून गवती चहाचं तेल काढत. मोठ्या हौसेने ते पुतणीकडे बाटली घेऊन आले. आलेखात निलगिरीचं टोक निघालं.

"काका, भेसळ आहे यात," ती प्रयोगशाळेतच चारचौघांत म्हणाली. "निदान माझ्याकडे तरी असलं आणायचं नव्हतं!"

"मी फक्त पाला घातला गं," एवढंच बोलून काका गेले. तिने घरीही तेच सांगितलं आणि नात्यात बोभाटा झाला. काकांनी भट्टी विझवली.

महिनाभराने जुनी नोंदवही चाळताना तिची नजर अडखळली. काकांच्या आधीचा नमुना निलगिरीचा होता आणि मध्ये सुई धुतल्याची नोंदच नव्हती. तेव्हा फोन आला होता, ती उठली होती, परत येऊन तशीच टोचली होती. काकांचं उरलेलं तेल तिने धुतलेल्या सुईने पुन्हा यंत्रात टोचलं. टोक नाही. तिची कानशिलं तापली.

कुणालाच कळणार नव्हतं. दोन दिवस तिने मूठ झाकून ठेवली. पण नोंदवहीचं ते पान ती पुन्हा पुन्हा उघडत होती. तिसऱ्या दिवशी ती काकांच्या दारात उभी राहिली.

"काका, तेल शुद्ध होतं. सुई मी धुतली नव्हती."

"शुद्ध होतं ते मला ठाऊकच होतं," काका म्हणाले. "पण तुझ्या यंत्रापुढे माझं कोण ऐकणार?"

आतून काकू आल्या. "बोललीस चारचौघांत आणि माफी मागतेस दाराआड?"

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर चूक सांगितली, साहेबांकडून अहवाल बदलून घेतला, नातेवाइकांना एकेक करून फोन केले. प्रत्येक फोनला जीभ जड व्हायची. मोठी आत्या तर म्हणाली, "अगं, आम्ही तुझ्याच शब्दावर त्याला नावं ठेवली!"

काकांची भट्टी पुन्हा पेटली. तपासायला मात्र ते तेल दुसऱ्या प्रयोगशाळेत देतात. का, ते विचारायची तिची अजून हिंमत होत नाही.