गेटवर कोण गेलं होतं?

गेल्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपवर प्रधान वारल्याचा मेसेज आला आणि मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणालाच, घरीसुद्धा, बोललो नाही. माझं एक खोटं ठाऊक असलेला तो एकटाच होता. शिवाय मला तो आवडायचा नाही. गेला म्हणून आता आवडू लागलाय असंही नाही. आम्ही दोघं बिझनेस अ‍ॅनालिस्ट. एखाद्या कंपनीचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचं आणि तिला कसलं सॉफ्टवेअर हवं ते लिहून द्यायचं, हा आमचा धंदा. तो माझा टीम लीड. साहेबाच्या केबिनमध्ये काम कळत नाही, जिथं होतं तिथं जाऊन उभं राहा, हे त्याचं पालुपद. बरोबरच होतं, पण सांगायचा तो चारचौघांत लाज काढून. "काय रे, बघून आलास की चहा पिऊन आलास?"

जासईच्या एका कंटेनर यार्डाचं काम माझ्याकडे होतं. त्या धुळीत, ट्रेलरच्या गर्दीत कोण जाणार... मी गेलो नाही. मॅनेजरने फोनवर सांगितलं ते उतरवलं : सीलचा नंबर भरल्याशिवाय गेट उघडू नये. प्रधानने विचारलं, "गेटवर उभा राहिलास?" म्हटलं, "हो, अर्धा दिवस." त्याने माझ्या कागदांवर सही केली. सील, म्हणजे नंबर कोरलेली कडी, असतं कंटेनरच्या मागच्या दाराला आणि नंबर भरणारा कारकून बसतो पुढे, गेटच्या खिडकीत. इतकी वर्षं गाडी आत घेऊन मगच सील बघत होते. नवी सिस्टीम सुरू झाली त्या सकाळी कारकून दर गाडीच्या मागे जाऊन नंबर बघून येईपर्यंत गेट बंद, आणि ट्रेलरची रांग हायवेपर्यंत गेली.

मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी विचारलं, "गेट पाहिलं कुणी होतं?" प्रधानने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास उचलला. "सही माझी आहे," तो म्हणाला. त्याचं लीडपद गेलं, मला मिळालं. त्याने मला वाचवलं असं मी कधी मानलं नाही. मुठीत ठेवलं म्हणा. पुढे कॉफी मशीनपाशी भेटला की, "काय लीडसाहेब, पाय दुखतायत का अजून?" पण खरं त्याने कुणालाही सांगितलं नाही... घरीही नाही, हे मला पनवेलला शोकसभेत कळलं.

तिथं एकजण म्हणाला, एवढा काटेकोर माणूस, पण जासईला चुकला. मी मान डोलावली. बाहेर त्याची मुलगी, सई, थांबली होती. "काका, तुम्ही होतात ना तेव्हा? बाबा खरंच न बघता सही करून मोकळे झाले?"

"जाऊ दे गं... होतं असं कामात," मी म्हणालो.

गेटवर जायचं होतं मला. मी गेलो नाही, आणि तिच्या बाबाशी खोटं बोललो. इथं छापून आलं म्हणून हे फिटत नाही. सईसमोर बसून एवढं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.