विहीणबाईंची जुनी काठी

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाई गोल्फ खेळतात असं कळलं, आणि आमच्या घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. आम्ही बदलापूरच्या मांजर्लीत राहणारी माणसं. गोल्फ आम्ही टीव्हीवर चॅनल बदलताना पाहिलेला, तोही चुकून. लग्न आमच्या पद्धतीनं, बुद्धवंदना घेऊन झालं. पुण्याची ती मंडळी सगळ्याला हात जोडून उभी राहिली, जेवणाची तारीफ करून गेली. नाव ठेवायला कुठंच जागा मिळेना, म्हणून मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. अंबरनाथच्या कारखान्यात बत्तीस वर्षं मी इन्स्पेक्शनला होते. समोर आलेल्या मालात खोट शोधणं हाच माझा पगार होता.

पहिल्यांदा त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा विहीणबाई मला त्यांच्या गोल्फच्या मैदानावर घेऊन गेल्या. साडी आणि पायात मुलीचे स्पोर्ट्स शूज असा माझा अवतार. तिथं एक तळं आहे. अलीकडच्या काठावरून मारलेला चेंडू थेट पलीकडच्या हिरवळीवर पडायला हवा. अंतर शंभर यार्ड. त्यांनी माझ्या हातात काठी दिली. तिला क्लब म्हणतात, पण मला ती काठीच वाटली. पहिला फटका नुसता हवेत फिरला, चेंडू जागचा हलला नाही. दुसऱ्या फटक्याला चेंडू घरंगळत पाण्यापाशी पोचला आणि शहाण्यासारखा आत उतरला.

"वा, पहिल्याच दिवशी किती छान जमलं तुम्हाला," विहीणबाई म्हणाल्या. लहान मूल स्वतःच्या हातानं जेवलं की आपण ज्या आवाजात बोलतो, तो आवाज. अपमान झाला असता तर मी उत्तर दिलं असतं. कौतुकाला काय उत्तर देणार?

निघताना त्यांनी ती काठी आमच्या गाडीत ठेवली. "मला नवीन मिळालीय. ही जुनी तुम्हाला सरावाला असू दे. डिसेंबरात या, पुन्हा खेळू."

परतीच्या वाटेत खोपोलीच्या आसपास नवऱ्याला म्हटलं, "विहिणीला कुणी वापरलेली वस्तू देतं का?"

"प्रेमानं दिलीय गं."

"प्रेमानं नवीन देतात."

ते हसले. मी मात्र त्याच क्षणी ठरवलं. डिसेंबरात, त्यांच्या डोळ्यांसमोर, चेंडू तळ्याच्या पलीकडे गेला पाहिजे. एकदाच गेला तरी चालेल, पण त्यानंतर त्या आवाजात माझ्याशी कुणी बोलता कामा नये.

सरावाला जागा जवळच्या सोनिवली गावात मिळाली. वर्षाचा तांदूळ आम्ही तिथल्या एका काकूंकडून घेतो. त्यांच्या एका शेताची कापणी लवकर आटोपली होती. नवऱ्यानं टेप लावून बांधापासून आंब्याच्या झाडापर्यंत बरोब्बर शंभर यार्ड मोजले. ते कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होते, त्यामुळे बरोब्बर म्हणजे बरोब्बर. मी रोज सकाळी तीस-चाळीस चेंडू मारायचे. सगळे अर्ध्या वाटेत बसायचे. पंधरा दिवसांनी मी काठी उलटसुलट फिरवून पाहिली. तळाशी ओरखडे, पकडीचं रबर झिजलेलं. रिजेक्ट, असं म्हणून टाकलं. टाकाऊ काठी गळ्यात मारली म्हणून विहीणबाईंवर आणखी एकदा रागावून घेतलं.

मग आम्ही नवी काठी घ्यायला उल्हासनगरला गेलो. तिथल्या खेळाच्या सामानाच्या दुकानदारानं एक नवीकोरी, भोपळ्याएवढ्या डोक्याची काठी काढून दाखवली. "मॅडम, आप सिर्फ लगाओ, बाकी ये खुद करेगा. बॉल ढूंढने के लिए रिक्षा करनी पडेगी." बत्तीस वर्षांत मी एकाही सप्लायरच्या शब्दावर माल पास केला नव्हता. त्या दिवशी मात्र मान डोलावली आणि काठी मांडीवर घेऊन घरी आले.

नव्या काठीनं चेंडू आधीपेक्षा पाच-सात पावलं पुढं गेला. त्यातली दोन वाऱ्याची असावीत.

आता नवऱ्यातला टर्नर जागा झाला. "दांडा आखूड आहे. लांबी वाढवली की जोर वाढणारच. आणि डोक्यात वजनही कमी आहे." अंबरनाथच्या माणसाची कुठलीही अडचण शेवटी लेथवर चढते. त्यांच्या मित्राचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोघांनी एक अख्खा दिवस घालवून दांड्याला नऊ इंचांचा पाइप जोडला आणि डोक्यात शिसं ओतलं. जोड मी स्वतः तपासला. फिनिशिंग सुरेख होतं, त्याबद्दल आजही माझं काही म्हणणं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच फटक्याला काठीचं डोकं निसटलं आणि आंब्याच्या दिशेनं उडत गेलं. चेंडू जागेवरच होता. नवरा टेप घेऊन धावला आणि तिथूनच ओरडला, "ऐंशी यार्ड गेलं गं."

बांधावर काकू हसता हसता खालीच बसल्या. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बाय, किती दिस बघतंय मी. तू नुसती हातानं मारतेस. कंबर काय घरी ठेवून येतेस? उद्या ये झोडायला. मानसं कमी हायत, आन तुलाबी कळंल."

मी गेले ते खरं तर शिकायला नाही. दीड महिना त्यांचं शेत फुकट वापरलं होतं, त्याची लाज होती. भाताची झोडणी म्हणजे कापलेल्या भाताची मूठभर पेंढी दोन्ही हातांत धरायची, खांद्यावरून मागं न्यायची आणि समोरच्या फळीवर आपटायची. दाणे झडले पाहिजेत. माझे झडेनात. मी आणखी जोर लावला, तर पेंढीच हातात मोडली.

"गळा कशाला दाबतेस तिचा? ढिली धर. पाय दाबून कंबर फिरव, हात येतील मागनं," काकू म्हणाल्या. स्वतः त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, अंगानं काडी. पण त्यांची पेंढी फळीवर पडली की असा आवाज यायचा की खळ्यावरच्या कोंबड्या लांब व्हायच्या.

दोन तासांत माझे दंड संपले. बंदच पडले म्हणा. आणि गंमत अशी की दाणे तेव्हापासून झडायला लागले. हातांत ताकद उरली नाही म्हणून मूठ सैल झाली, आणि पेंढी उचलायला दुसरं काहीच शिल्लक नसल्यानं कंबर कामाला लागली. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, आणि पेंढीचं टोक सगळ्यात शेवटी. मी फळीपाशी उभी राहून एकटीच हसले. झोडणी वरून खाली आणि गोल्फ बाजूनं, पण अंगाची वळण्याची रीत तीच. खोट मालात नव्हती. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा इन्स्पेक्टरलाच रिवर्कला, म्हणजे दुरुस्तीला परत, पाठवायची वेळ आली होती.

चार दिवस झोडणी केली. पाचव्या दिवशी घरात उरलेली एकमेव काठी, म्हणजे विहीणबाईंची जुनी, घेऊन बांधावर उभी राहिले. हात ढिले सोडले. काठी चेंडूला लागली तेव्हा हाताला जवळजवळ काही कळलंच नाही. चेंडू मात्र आंब्यात शिरला आणि वरून दोन पोपट उडाले. नवऱ्यानं टेप उघडलाच नाही.

डिसेंबरात पुण्याला गेलो. तळ्यावर थंडी होती. विहीणबाई शेजारी, नवी चमकती काठी घेऊन. सोनिवलीत शंभरातले साठ चेंडू आंब्यापर्यंत जायचे, म्हणजे चाळीस पाण्यात जायचे, हा हिशोब मला त्या क्षणी नेमका आठवला. पण पाय दाबले, कंबर वळवली आणि बाकी सोडून दिलं. चेंडू वर चढला, तळ्यावरून गेला, पलीकडच्या हिरवळीवर पडून एकदा उडाला आणि थांबला. मला इतका आनंद झाला की मी चक्क विहीणबाईंचा दंड धरला.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ज्या नजरेसाठी दोन महिने राबले, ती बघायची होती. पण त्या तळ्याकडेच बघत होत्या.

"कुठली काठी घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच आहे. तुम्ही दिलेली."

त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, तळाच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

"बावीस वर्षं खेळतेय मी," मग त्या म्हणाल्या. "या तळ्यापलीकडे माझा चेंडू एकदाही गेला नाही. कुणी सोबत असलं की मी इथं मारतच नाही, बाजूनं वळसा घालते. ह्यांनी दर वाढदिवसाला मला नवी काठी आणून दिली. मारायचं कसं, ते कधी कुणी शिकवलं नाही, आणि विचारायची मला लाज वाटली."

माझा सगळा राग कुठं गेला ते मला सांगता येणार नाही. स्वतःची लाज वाटली एवढं खरं. मला वाटत होतं त्या मला खालच्या पायरीवर उभी करून बघतायत, आणि ही बाई बावीस वर्षं त्या पाण्याला घाबरत होती.

मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात त्यांच्या कमरेवर ठेवले. पहिला चेंडू पाण्यात गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला त्यांनी पुन्हा मूठ आवळली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, गळा कशाला दाबतेस तिचा?"

त्या खळखळून हसल्या, इतक्या की काठी टेकून उभं राहावं लागलं. तिसरा चेंडू काठाजवळच्या गवतात अडकला. पाण्यापासून जेमतेम हातभर पुढं, पण पलीकडच्या काठावर. त्यांनी पिशवीतून चौथा काढला, माझा हात धरून पुन्हा आपल्या कमरेवर ठेवला आणि म्हणाल्या, "हलू नकोस."