साहेबाला डोलीत घालून

तुमसरच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे आणि माझी मैत्रीण चित्रकला. ती मोहाडीच्या विणकर घरातली. तिच्या भावाने पुण्याहून एक परदेशी खेळ आणला होता. जाड पुठ्ठ्याचा पट, त्यावर कुठलंसं दूरचं जंगल आणि त्यात शिरलेले जुन्या काळातले शोधप्रवासी. ज्याचा साहेब नदीच्या उगमाशी आधी पोचेल, तो जिंकला. रविवारी दुपारी आमच्या ओसरीत आम्ही दोघी तो मांडायचो.

खेळता खेळता वाटलं, असे इंग्रज साहेब आपल्याकडेही आले होतेच की. नाकाडोंगरीच्या रानात तंबू ठोकून, साखळ्या ओढून त्यांनी जमीन मोजली होती. मग आम्ही आपलाच खेळ करायला घेतला. मैत्रिणीने मांजरपाटाच्या कापडावर पट रंगवला: तळी, बांबूचं रान, बावनथडी नदी आणि पलीकडची टेकडी. तिथे खुणेचा दगड रोवला की मोहीम फत्ते. प्रत्येकीचा एक साहेब, त्याची शिधासामग्री आणि वाटेत उचलायचे पत्ते: अस्वल, पळालेला बैल, हिवताप.

खेळ दिसायला देखणा झाला, पण चालेना. अर्ध्या वाटेतच आमचे साहेब तापाने मरायचे. ताप कमी केला तर खेळ मिळमिळीत व्हायचा.

"आपण दर वेळी मरूनच राहिलो," मैत्रीण एक दिवस वैतागून म्हणाली. "यात मजा काय?"

बाबा शेजारीच खुर्चीत पेपर वाचत बसलेले असत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं बोलणं फार कमी झालं होतं. आम्ही त्यांना कितीदा खेळायला बोलावलं, ते मान हलवून नाही म्हणायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी पेपर खाली घेतला.

"सायबच कायले व्हायचं तुमाले? ओझं त आपले लोक वाहून राहिले होते. माहा आजा त्याहीची साखळी ओढे."

पणजोबांची ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. मैत्रिणीने हातातला फासा खाली ठेवला आणि बाबांना आणखी विचारायला लागली. बाबा संध्याकाळपर्यंत बोलत राहिले. साहेबाच्या काचेच्या पेल्यांच्या पेट्या, त्याची आंघोळीची टाकी, सगळं माणसांच्या डोक्यावर जायचं म्हणे.

आम्ही खेळ मुळापासून बदलला. आता कोणीच साहेब नव्हतं. एक वाटाड्या, एक साखळीवाला, एक खानसामा, एक गाडीवान. साहेब ही नुसती लाकडी सोंगटी, तिला सुखरूप टेकडीवर न्यायचं. ताप आला की साहेब डोलीत, आणि डोली आली की सगळ्यांची चाल मंद. जिंकलो तर सगळे, नाहीतर कोणीच नाही; शिवाय वाचवलेल्या सामानाचे गुण. शेजारच्या पोराला बसवून पहिला डाव मांडला तेव्हा बाबा न बोलावता येऊन बसले आणि साखळीवाल्याची सोंगटी त्यांनी उचलून घेतली.

पुढे भंडाऱ्याच्या एका कॉलेजात हाताने केलेल्या खेळांची स्पर्धा होती. बाबा आमच्यासोबत आले ते डबा घेऊन. परीक्षक तिघे होते आणि आमच्या खेळाला चौघे लागत. मी बाबांना पुढे केलं.

नदीपर्यंत मोहीम नीट चालली. तिथे गाडीत जागा एकाच गोष्टीला: साहेबाच्या पेट्या किंवा तांदूळ. एक परीक्षक म्हणाले, पेट्या सोडल्या तर गुण कमी होतील, नियमात तसं लिहिलं आहे. आजूबाजूला पोरं जमायला लागली होती.

"कमी झाले त होऊ द्या," बाबा शांतपणे म्हणाले. "काचेचे पेले खाऊन कोनी टेकडी चढत नाही."

परीक्षक हसले आणि पेट्या काठावर राहिल्या. चढावर नेमका तापाचा पत्ता निघाला. साहेब डोलीत गेला, चाल रखडली, पण तांदूळ पुरला. शेवटच्या घरासाठी सहा हवे होते. फासा बाबांनी टाकला. सहा पडले तसे परीक्षक बाई खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या आणि मागच्या पोरांनी बाकं बडवली. मैत्रिणीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

निकालाची वाट बघत बसायला आम्हाला उसंतच मिळाली नाही. लाखनीहून आलेल्या तीन मुलींनी बाबांना उठूच दिलं नाही. नवा डाव मांडला गेला. माइकवरून आमच्या खेळाचं नाव पहिल्या बक्षिसासाठी पुकारलं, तेव्हा मी बाबांना म्हटलं, चला, तुम्हीही मंचावर या.

त्यांनी पटावरून नजर काढली नाही. "तुमी दोघी जाऊन या. आमची गाडी आता नदीत हाये."

आम्ही ढाल घेऊन परतलो तोवर गाडी पलीकडे लागली होती आणि बाबा चढाच्या वाटेवरून त्या मुलींशी हुज्जत घालत होते.