खडूमामांची तिरकी रेघ

खडूमामांनी दाखवलेली भेग मी हातरुमालानं पुसली. पुढं जे झालं त्याचा दोष त्यांच्यावर गेला आणि मी गप्प बसलो. त्याला पंचवीस वर्षं होत आली, तरी हे लिहिताना दोनदा उठून अंगणात फेऱ्या मारून आलोय.

सेलूच्या एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. कानावर कायम खडूचा तुकडा, म्हणून खडूमामा. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलेलं. जिथं कोपरा, खाच किंवा जोड दिसेल तिथून ते नख फिरणारच. चहाचा कपसुद्धा त्याच्या कानाच्या जोडावर नख फिरवल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. "मामा, मामीला बी असंच तपासून आणलं का?" कामगार विचारत.

"तपासलं की. तिनंच मला नापास केलं."

मी तिथला नवा इंजिनिअर. कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांना फिरवणाऱ्या मुख्य शाफ्टचं ड्रॉइंग माझं. शाफ्टवर पुली घसरू नये म्हणून मध्ये लोखंडी चावी बसवतात आणि तिच्यासाठी शाफ्टमध्ये खाच पाडतात. माझ्या खाचेचे कोपरे काटकोनी होते. मामांनी कागदावरच्या त्या कोपऱ्यावरून नख फिरवलं. "साहेब, कोपरा लय टोकदार हाय. जरा गोलाई द्या."

मी आकडे दाखवले. त्यांनी कानावरचा खडू काढून दोन्ही हातांनी पिळला. तो तिरका तुटला. "वाकवला तर सरळ मोडतो, पिळला की असा. शाफ्टला दिवसभर पीळच हाय, अन् पीळ कोपराच धुंडतो."

मी हसलो. माझं गणित चुकलेलं नव्हतं, अर्धं होतं. ते गुळगुळीत दांड्याचं होतं. खाचेच्या कोपऱ्यात तोच ताण कितीतरी वाढतो, हे परीक्षेत लिहून आलो होतो. मामांसमोर मात्र ते मला आठवायचं नव्हतं. शाफ्ट माझ्या ड्रॉइंगप्रमाणंच बनून बसला.

ऐन हंगामात एका सकाळी, यंत्रं सुरू होण्याआधी, मामांनी खाचेवर रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वरून खडू घासला आणि हातोडीनं हलकेच ठोकलं. भेगेत मुरलेलं रॉकेल पांढऱ्यावर उमटलं. कोपऱ्यातून निघालेली एक तिरकी, ओली रेघ.

"भेग हाय, साहेब. चालू करू नका."

फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. शाफ्ट बदलायचा तर चार दिवस काम बंद. शिवाय रेघ माझ्याच कोपऱ्यातून निघालेली. मी रुमाल काढला. "तेलाचा डाग आहे, मामा. चालू करा."

ते रेघेकडं नाही, माझ्याकडं बघत राहिले.

दुपारी शाफ्ट तुटला. पुली भिंतीवर जाऊन आदळली. नशिबानं कुणाला लागलं नाही. मालक सगळ्यांसमोर ओरडले, "चावी घणानं ठोकली असणार ह्यानं!"

मामा एवढंच म्हणाले, "साहेबांना विचारा."

मी तुटलेलं टोक बघत उभा होतो. मामांनी कानावरचा खडू काढून यंत्रावर ठेवला आणि ते निघून गेले. त्यांच्या हातावर सेलूत पुन्हा कुणी भरवसा ठेवला नाही, हे मला नंतर कळलं.

पुढं मी मास्तर झालो. दर वर्षी वर्गात खडू पिळून दाखवतो आणि दर वर्षी कुणाकडून शिकलो ते सांगत नाही. त्या तासानंतर जेवण जात नाही. गेल्या महिन्यात शेवटी चारठाणा गावात त्यांचं घर शोधलं. केस पांढरे झालेले, नख तसंच. मी तोंड उघडताच म्हणाले, "मला काय सांगायलात? मला ठावं हाय. ज्यांना न्हाई त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी एसटीनं दोघं सेलूला गेलो. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली होती. मालक म्हातारे होऊन खुर्चीत बसलेले, भोवती चार-पाच जुने कामगार. मामा आत येताच सवयीनं नव्या शाफ्टकडं वळले आणि खाचेवर नख फिरवू लागले.

"शाफ्ट मामांनी तोडला नाही," मी म्हणालो. "कोपरा माझा होता. भेग त्यांनी सकाळीच दाखवली होती, ती मी पुसली. तुम्ही त्यांना बोलत होतात तेव्हा मी तिथंच उभा होतो. मामा, माझं चुकलं. मला माफ करा."